तीन फुटी टँकची पट्टी काढून रिमलेस करता येईल का?

चिंचवडचा_अँजल

नमस्कार मंडळी. घरी ३६ × १८ × १८ इंची माशांचा टँक आहे. काच ६ एमएम, असं दुकानदाराने देताना सांगितलं होतं. वर आणि खाली चारही बाजूंनी काळी प्लास्टिकची पट्टी आहे, वर प्लास्टिकचंच टोपण, त्यात ट्यूब. टोपण उचललं की आतल्या बाजूला पुढच्या आणि मागच्या काचेला चिकटवलेल्या दोन-दोन इंच रुंद आडव्या काचेच्या पट्ट्या दिसतात. मधोमध आणखी एक पट्टी पुढून मागे गेली आहे.

आता प्लांटेड, म्हणजे आत जिवंत रोपं लावलेला टँक, करायचं मनात आहे. ताकाशी अमानो या जपानी अॅक्वेरियम कलाकाराच्या रिमलेस टाक्यांचे फोटो बघून डोकं फिरलंय. वर काही म्हणजे काही नाही, नुसती काच आणि पाणी. आमचा टँक म्हणजे हॉलमध्ये पत्र्याची ट्रंक ठेवल्यासारखा दिसतो. हे बायकोचं मत आहे, पण खोडून काढता येत नाही.

इथल्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "बिनधास्त काढा, पट्टी नुसती शोला असते." दुसरा म्हणाला, "हात लावू नका, फुटेल." कुणाचं ऐकू? आत सध्या दोन अँजल, निऑन टेट्रांचा थवा आणि एक वीतभर झालेला सकर (काच चाटणारा मासा) आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खालच्यांनी नुकतंच नवं पीओपी करून घेतलंय.

गप्पी_गँग

नवीन घ्या आणि हा विकून मोकळे व्हा. कशाला ती भानगड. आणि अँजलबरोबर निऑन? अँजल मोठे झाले की थवा मोजत बसा रोज सकाळी.

सांगलीचा_काचवाला

दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर आहेत राव. तुमच्या टँकला दोन जातीच्या पट्ट्या आहेत आणि ते दोघं वेगवेगळ्या पट्टीबद्दल बोलताहेत.

काळं प्लास्टिक आपल्याकडच्या टाक्यांना कच्ची कड झाकायला लावतात. घासकामाचे पैसे वाचतात, बोट कापत नाही, आणि सिलिकॉन कसं ओढलंय ते दिसत नाही. ते काढलं तर टाकीच्या ताकदीत फरक पडत नाही. आतली काचेची पट्टी मात्र कामाची आहे. ती काढायची नाही. ६ एमएम आणि १८ इंच उंची असेल तर विषयच नको.

का, ते सांगतो. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. टाकी तीन फूट लांब असो नाहीतर सहा फूट, तळाशी दर चौरस इंचावरचा दाब तोच. तीन फुटी काचेवर १२ इंच पाणी भरलं तर ते पुढच्या काचेला साधारण ४२ किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. १८ इंच भरलं तर आकडा ९५ किलोवर जातो. उंची दीडपट केली की जोर सव्वादोनपट. गिऱ्हाईक येतं ते म्हणतं, "लांबी तेवढीच ठेवा, फक्त उंची सहा इंच वाढवा, काच तीच चालेल ना?" नाही चालत.

पट्टी असेपर्यंत त्या काचेला चारही बाजूंनी आधार असतो. पट्टी गेली की तीनच बाजू उरतात, वरची कड मोकळी. मग ती कड मध्यावर फुगते आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. काचेचा हिशोब करताना साध्या फ्लोट काचेची वाकताना सोसायची ताकद १९.२ न्यूटन प्रति चौरस एमएम धरतात आणि सुरक्षेसाठी तिला ३.८ ने भागतात. या हिशोबाने तुमच्या मापाला बिनपट्टीची काच पावणेआठ एमएमच्या आसपास येते. तशी काच बाजारात नाही, म्हणून ८. मी स्वतः १० लावून देतो. ६ ला तोच सुरक्षेचा आकडा ३.८ वरून सव्वादोनवर उतरतो. म्हणजे भरल्याभरल्या फुटणार नाही, आणि खरी फसगत तिथेच आहे. उभी राहिली म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग कधी कडेवरची एखादी खपली, कधी खालचा प्लाय पाणी पिऊन फुगलेला, कधी पोराचा चेंडू, आणि उरलेली ताकद संपते.

तुम्ही ज्यांचे फोटो बघताय त्या अमानोंच्या एडीए कंपनीची ९०-पी ही टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी आहे, म्हणजे जवळपास तुमचंच माप. तिची काच १० एमएम आहे. त्यांचीच ६०-पी ६ एमएमची आहे, पण ती दोन फुटी आणि ३६ सेंमी उंच. ते लोक पट्टी काढत नाहीत, पट्टी लागणारच नाही अशी काच पहिल्यापासून घेतात.

आधी एक काम करा. काच खरोखर किती आहे ते मोजा. टाकीच्या उभ्या कोपऱ्यावर बाजूने बघितलं की पुढच्या काचेची कड दिसते. तिथे व्हर्नियर लावा. शाळेतल्या पट्टीने मोजू नका, ५ आणि ६ मधला फरक तिच्यावर कळत नाही. ६ म्हणून आलेली काच थोडी कमीच भरते, त्यात काळजीचं काही नाही. ५ च्या जवळ निघाली तर मात्र मला परत लिहा, मग वेगळं बोलू.

चिंचवडचा_अँजल

काका, मनापासून आभार. व्हर्नियर शेजारच्या वर्कशॉपमधून आणला. ५.८ आली. चारी काचा तेवढ्याच.

मग दोन प्रश्न. काचेची पट्टी ठेवून फक्त काळं प्लास्टिक काढलं तर रिमलेससारखं दिसेल का? आणि पट्टी काढून पाणीच कमी भरलं, समजा १४ इंच, तर?

सांगलीचा_काचवाला

५.८ म्हणजे ६ च आहे.

दुसऱ्याचं उत्तर आधी. दाब पाण्याच्या पातळीपासून खाली मोजायचा, काचेच्या उंचीपासून नाही. १४ इंच भरलं तर तो ९५ किलोचा आकडा ५८ च्या आसपास येतो. हिशोबात बसतं. पण वर चार इंच कोरडी काच राहील, पाण्याचे डाग पडतील आणि ज्यासाठी खटाटोप केला ते दिसणंच जाईल. शिवाय तुम्ही नसताना कुणीतरी प्रेमाने बादली ओतून टाकी काठोकाठ भरणारच. मी या वाटेला जाणार नाही.

पहिला प्रश्न चांगला आहे. होय, दिसतं. काचेची पट्टी डोळ्यात भरते ती तीन कारणांनी. एक, तिची हिरवी कच्ची कड. दोन, तिच्यावर साचलेला पांढरा क्षार. तीन, टोपणातली ट्यूब, जिचा उजेड पट्टीवर तिरका पडतो. टोपण काढून दिवा वरून टांगला, क्षार व्हिनेगरने सोडवला आणि पाण्याची पातळी बरोबर पट्टीच्या खालच्या अंगाला आणून ठेवली, की समोर सोफ्यावर बसलेल्या माणसाला पट्टी दिसत नाही. उभं राहून वरून बघितलं तर दिसते. मधली आडवी पट्टीही तशीच राहू द्या, दिव्याच्या सावलीचा एक पट्टा खाली पडतो, तिथे सावलीतलं अनुबियास किंवा जावा फर्न लावा.

आता प्लास्टिक कसं काढायचं. टाकी पूर्ण रिकामी, वाळू-दगड सगळं बाहेर, आणि जमिनीवर जाड गोधडीवर. भरलेल्या टाकीचं काहीही ओढायचं नाही. प्लास्टिक आतून सिलिकॉनच्या ठिपक्यांनी किंवा सलग रेघेने धरलेलं असतं. हेअर ड्रायरने कोमट करा, नुसतं कोमट. हीट गन नको, काचेचा एकच भाग तापला तर तडा जातो. मग पातळ ब्लेड काच आणि प्लास्टिक यांच्या मधून सरकवत न्या. कोपऱ्यात सगळ्यात चिवट असतं, तिथे मासेमारीची बारीक तंगूस दोन्ही हातांनी करवतीसारखी चालवली की सुटतं. नाहीच ऐकलं तर प्लास्टिकच कापा, तुकडे करून काढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर कडेवर टेकला की खपली उडालीच.

ब्लेड चालवताना उभ्या कोपऱ्यातल्या सांध्याच्या सिलिकॉनला चिरू नका. वरच्या टोकाला प्लास्टिकचं सिलिकॉन आणि सांध्याचं सिलिकॉन एकमेकांत मिसळलेलं असतं. तिथे ब्लेड आडवं धरून अलगद कापा, आत खुपसू नका.

आता कड. प्लास्टिक निघालं की खाली जे दिसेल ते बघून वाईट वाटेल. कटरने तोडलेली कच्ची कड, मधूनमधून नखाएवढ्या खपल्या. माझ्याकडे एकाने टाकी आणली होती, प्लास्टिक काढलेलं, कड तशीच. वरच्या कडेवर मधोमध तांदळाएवढी खपली आणि तिच्यातून केसासारखी रेघ चार बोटं खाली उतरलेली. पाण्यात असताना ती दिसतही नव्हती, काच पुसून उजेडाकडे धरली तेव्हा दिसली. तडा नेहमी कडेवरच्या दुखापतीतून सुरू होतो. म्हणून कडेवरून आधी नख फिरवा, मग बॅटरी तिरकी मारून बघा. आत उतरलेली रेघ असेल तर ती काच गेली, तिथे घासून उपयोग नाही, टाकी बदला. वरवरची खपली असेल तर घासून बुजते.

घासायला डायमंडचा हँड पॅड मिळतो, आधी २०० चा, मग ४०० चा. नाहीतर काळा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. कायम ओलं घासायचं. स्प्रेची बाटली दुसऱ्या हातात. कोरडं घासलं तर काचेची भुकटी नाकात जाते, आणि मास्क ओलं असतानाही लावा. कडेचे दोन्ही कोपरे आधी ४५ अंशात हलके मारा, मग वरची सपाटी. ग्राइंडरचं पातं जोडलेल्या टाकीवर लावू नका, थरथर सांध्यांना लागते. हाताने घासलेली कड मशीन पॉलिशसारखी आरशासारखी होत नाही, दुधी राहते. ते चालवून घ्यावं लागेल.

एक राहिलं. काच टफन (तापवून कडक केलेली) नाही ना, याची खात्री करा. कोपऱ्यात शिक्का असेल, किंवा पोलराइज्ड गॉगल लावून उन्हात बघितल्यावर काचेत ढगांसारखे पट्टे दिसले, तर ती टफन. तिची कड घासायची नाही, एकदम चुरा होतो. आपल्याकडच्या साध्या टाक्यांत सहसा नसते, पण बघून घ्या.

डोंबिवलीची_मॉसवाली

मी माझ्या दोन फुटीचं असंच केलंय, २४ × १२ × १२, ५ एमएम. काकांनी लिहिलंय ते सगळं बरोबर, फक्त त्या काळ्या पट्टीखाली जे काही साचलेलं असतं त्याचा वास त्यांनी लिहिला नाही. खिडक्या उघड्या ठेवा.

पण टोपण गेल्यावर पुढे काय होतं ते ऐका. एक, मासे उड्या मारतात. माझे हॅचेटफिश पहिल्याच आठवड्यात फरशीवर. आता वर ४ एमएमची काच ठेवलीय, पारदर्शक अॅक्रिलिकच्या क्लिपांवर, मागे हात जाईल एवढी फट सोडून. लांबून दिसत नाही. दोन, पाणी उडतं. एप्रिल-मे मध्ये पंखा चालू असला की दोन-तीन दिवसांत बोटभर खाली. उडतं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. म्हणून भर घालायला मी आरओचं वापरते, नळाचं घातलं तर काचेवर पांढरी रेघ पक्की बसते आणि पाणी हळूहळू जड होत जातं. पाणी बदलताना मात्र नळाचंच, क्लोरीन घालवून. आणि दादा, तो वीतभर सकर आधी कुणाला तरी द्या. प्लांटेडमध्ये तो रोपं उपटेल, वर शेण घालून ठेवेल ते वेगळंच.

एडिसनचा_पाटील

न्यू जर्सीतून लिहितोय. काकांचं वाचून एक खबरदारी सांगावीशी वाटली, कारण रिम काढायचे जे व्हिडिओ सगळे बघतात ते बरेचसे इकडचे असतात. इकडच्या दुकानातल्या तयार टाक्यांना आत काचेची पट्टी नसते. वरची प्लास्टिकची चौकट हाच आधार. म्हणून काकांचं "प्लास्टिक काढलं तर फरक पडत नाही" हे इथे लागू नाही.

मी २० गॅलन लाँगची वरची चौकट काढली आहे, ३० × १२ × १२ इंच. उंची कमी म्हणून लोक ती बिनधास्त काढतात. ४० गॅलन ब्रीडर मात्र ३६ × १८ × १६ आहे, तिला मी हात लावला नाही. ज्या चौकटीला मध्ये आडवा दांडा असतो ती तर सोडूनच द्यायची, दांडा उगाच दिलेला नसतो. खालची चौकट मी ठेवली. तिच्यामुळे तळाची काच जमिनीपासून थोडी उचललेली राहते.

सांगलीचा_काचवाला

पाटील साहेब, बरं झालं लिहिलंत. आपल्याकडे कुणाकडे बाहेरून आणलेली चौकटीची टाकी असेल तर त्यानेही हेच धरावं.

खालच्या पट्टीवरून सांगायचं राहिलं होतं. चिंचवडकर, टाकी रिकामी असताना एका अंगाने उचलून तळ बघा. तळाची काच भिंतींच्या आत थोडी वर अडकवलेली असेल तर वजन भिंतींच्या कडांवरून खाली जातं. अशा टाकीची खालची पट्टी आहे तशी ठेवा आणि खाली फोम घालू नका. फोम मधे दबत नाही, तो वर उचलल्या गेलेल्या तळाला उलटा ढोसतो. तळ भिंतींच्या बरोबरीने सपाट असेल किंवा भिंती तळावर उभ्या असतील तर खालची पट्टी काढता येते, मग मात्र खाली ५ ते १० एमएमचा ईव्हीए फोम किंवा थर्मोकोल हवाच. प्लायवरचा एक खडा, एक उठलेला खिळा तळाला पुरतो.

चिंचवडचा_अँजल

तळ सपाट आहे, भिंती त्यावर उभ्या आहेत.

आता दुकानदार म्हणतो, जुन्या पट्ट्या काढून नव्या एक्स्ट्रा क्लिअर काचेच्या, पॉलिश केलेल्या पट्ट्या लावून देतो, एक इंच रुंद. हिरवटपणा जाईल. करू का?

सांगलीचा_काचवाला

एक्स्ट्रा क्लिअर चालेल, त्यात लोखंडाचा अंश कमी असल्याने कड हिरवी दिसत नाही. एक इंच नको. आहे तेवढीच, दोन इंच ठेवा, जाडी ६, आणि मधली आडवी पट्टी परत लावून घ्या. मधली वगळून पैसे वाचवतो म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

सिलिकॉन कोणतं वापरतो ते ट्यूब हातात घेऊन वाचा. बाथरूमचं बुरशी न लागणारं असेल तर नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. काच जोडायचं, व्हिनेगरसारखा वास मारणारं साधं सिलिकॉन हवं. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच नवं. जुन्यावर नवं धरत नाही. वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं, साधारण दिवसाला दोन-तीन एमएम असं ते पिकत जातं. आठवडाभर हात लावू नका, वास पूर्ण गेला पाहिजे.

पाण्याची चाचणी खाली पार्किंगमध्ये घ्या, तुमच्या पीओपीवाल्यांवर नको. सपाट प्लाय, त्यावर फोम, दोन्ही दिशांनी लेव्हल. काठोकाठ १९० लिटर, त्यात काच पंचवीस किलो. एक तृतीयांश भरा, रात्र जाऊ द्या. मग दोन तृतीयांश, परत रात्र. मग पूर्ण, दोन दिवस. रिकामी असताना पुढच्या काचेवर वरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून चिकटपट्टीने लावा, भरल्यावर मध्यावर काच किती पुढे आली ते मोजा. पट्टी बरोबर बसली असेल तर जेमतेम काही दिसेल. एक एमएमच्या वर गेलं तर पाणी काढा आणि पट्टीचं सिलिकॉन तपासा. सांध्यांवर टिश्यू पेपर फिरवला की बारीक ओलही कळते.

चिंचवडचा_अँजल

ठरलं, रविवारी करतो. सकर भाचा घेऊन जातोय. बाकीचे मासे दहा-बारा दिवस कुठे ठेवू? घरात पन्नास लिटरचा ड्रम आहे.

डोंबिवलीची_मॉसवाली

ड्रम चालेल, पण त्यात आधी साबण, फिनेल काही असेल तर नको. टँकमधलंच पाणी भरा आणि फिल्टर त्याच दिवशी ड्रमला लावा, बंद ठेवू नका. आतला स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले माशांची घाण पचवणारे जंतू क्लोरीनने मेले की पाण्यात विषारी अमोनिया चढतो. खायला नेहमीच्या निम्मं, तेही एक दिवसाआड. वरती जाळी बांधा.

गप्पी_गँग

आणि अँजल व निऑन वेगवेगळ्या ड्रममध्ये. पन्नास लिटरमध्ये निऑनना लपायला कुठे आहे?

चिंचवडचा_अँजल

दुसरा ड्रम आणतो.